तळ्याकाठच्या काती: चतुरांच्या एका हंगामाच्या नोंदी

८ जून

हंगामाचा प्रश्न वहीच्या पहिल्याच पानावर लिहिला: या तळ्यात कोणते चतुर आणि कोणत्या टाचण्या (चतुरांचे सडपातळ नातलग) जन्माला येतात?

तळ्यावर उडणाऱ्यांची यादी आधीपासून तयार आहे आणि ती चांगली आहे. पण चतुर दूरवर भटकतो. कुठल्या तरी ओढ्यात वाढलेला नर इथल्या काडीवर येऊन बसतो, काही दिवस तेवढ्या पाण्यावर हक्क सांगतो, आणि आपण त्याला तळ्याचा रहिवासी समजतो. जन्माचा भक्कम पुरावा म्हणजे कात. पाण्यात वाढलेला डिंभक, म्हणजे चतुराचं पाण्यातलं पिल्लू, शेवटच्या वेळी काडीवर चढतो, पाठ उकलून चतुर होऊन बाहेर पडतो आणि त्याचं रिकामं कवच काडीलाच चिकटून राहतं. अंडं, पाण्यातली वाढ आणि बाहेर पडणं, हे सगळं इथंच पार पडलं हे ती कात सांगते. यंदा उडणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ कातींना द्यायचा असं ठरवलं आहे.

कामासाठी पूर्वेकडचा काठ घेतला, कारण तिथं तीन वेगळे भाग सलग येतात. पहिला पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या दाट पट्टीचा, दुसरा उघड्या चिखलाचा, तिसरा दगडी बांधणीचा. तिन्ही भागांची लांबी दोरीनं सारखी आखून घेतली. प्रत्येक फेरीत तिन्हींना सारखाच वेळ मिळाला पाहिजे, नाहीतर जिथं जास्त शोधू तिथं जास्त सापडेल आणि तोच निष्कर्ष वाटेल.

सामान थोडंच आहे: बोथट टोकाचा चिमटा, भिंग, फूटपट्टी, रिकाम्या काड्यापेट्या आणि पेन्सिल, कारण ओल्या हाताखाली शाई पसरते. प्रत्येक कातीसोबत चिठ्ठी ठेवायची: तारीख, भाग, कशावर चिकटली होती, पाण्यापासून किती उंच. शेजारी नुकताच बाहेर पडलेला चतुर बसलेला असेल तर त्या काडीला हात लावायचा नाही.

१५ जून

अजून पाऊस नाही. पाणी आत सरकलंय आणि पाणकणसाची मुळं उघडी पडली आहेत.

उडणारे नेहमीचेच. हिरवट-पिवळ्या अंगावर काळे पट्टे आणि बारीक कंबर असलेला ऑर्थेट्रम सबीना जवळजवळ प्रत्येक उंच काडीवर आहे. क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचे लालभडक नर पाण्याच्या कडेनं फेऱ्या मारतायत. खाली गवतात इश्नुरा सेनेगालेन्सिस ही टाचणी आहे. शेपटाच्या टोकाजवळची निळी खूण दिसली की तिचा नर ओळखता येतो. तिन्ही जाती साचलेल्या पाण्यावर अनेक देशांत सर्रास दिसतात, त्यामुळे सुरुवात करणाऱ्यानं या तिघांवर हात बसवावा.

पुतणी या हंगामात सोबत आहे. चित्रं तिची, नोंदी माझ्या. तिला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं: बसल्यावर पंख दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले आणि डोळ्यांनी जवळपास सगळं डोकं व्यापलेलं, तर चतुर. अंग काडीसारखं, पंख बहुतेक वेळा पाठीवर मिटलेले आणि डोळे डोक्याच्या दोन टोकांना, तर टाचणी. तासाभरात ती माझ्याआधी ओळखायला लागली.

दुपारी बाराच्या सुमारास क्रोकोथेमिसचा एक नर शेपूट सरळ आकाशाकडे करून बसला. ऊन डोक्यावर असताना शेपटाचं टोक सूर्याकडे रोखलं की अंगावर पडणारं ऊन कमी होतं, अंग तापत नाही. ढग आला तशी शेपूट खाली. ढग सरला, पुन्हा वर. हे पाहताना हातातली वही बाजूला राहिली.

२३ जून

रात्रभर पाऊस झाला. सकाळी उघडीप मिळाली आणि तळ्यामागच्या मोकळ्या मैदानावर पँटाला फ्लॅव्हेसेन्सचे थवेच्या थवे. पिवळसर नारिंगी अंग, रुंद मागचे पंख, आणि बसणं जवळजवळ नाहीच. गवतातून उडालेले बारीक किडे टिपत कंबरेच्या उंचीवर घिरट्या चालू होत्या.

मैदानाच्या कोपऱ्यात माती काढून झालेला एक उथळ खड्डा आहे. कालपर्यंत तो पार कोरडा होता, तळाला भेगा होत्या. आज त्यात घोट्यापर्यंत पाणी आहे आणि त्यावर पँटालाच्या जोड्या अंडी घालतायत. नरानं मादीचं डोकं धरलेलं, दोघं एकत्र उडत येतात, मादी शेपटाचं टोक पाण्याला टेकवते आणि जोडी पुढं सरकते.

या खड्ड्याला वेगळं पान दिलं. काल इथं पाणी नव्हतं, म्हणजे इथं जे काही जन्मेल त्याचं घड्याळ आज सुरू झालं. तळ्यात असं कधीच सांगता येत नाही, तिथं मागच्या वर्षीचे डिंभकही असू शकतात.

२९ जून

अंडी घालण्याच्या दोन तऱ्हा आज शेजारी शेजारी दिसल्या. क्रोकोथेमिसची मादी पाण्यावर झेपावत शेपटानं टिचक्या मारत अंडी सोडत होती. नर वरून राखण करत होता, पण तिला धरलेलं नव्हतं. दोन हातांवर इश्नुराची मादी लव्हाळ्याच्या देठाला बिलगून शेपूट वाकवून बसली होती. तिच्या शेपटाखाली धारदार अंडनलिका असते, त्यानं ती देठाला चीर पाडते आणि आत एकेक अंडं ठेवते. मोठ्या अ‍ॅनॅक्स चतुराचीही रीत हीच. हा फरक पुढं महत्त्वाचा ठरेल असं वाटतंय: एकीला फक्त पाणी पुरतं, दुसरीला वनस्पती लागते.

मीलनाबद्दलही लिहून ठेवतो, कारण पुतणीनं विचारलं आणि बरोबर उत्तर द्यायला हवं होतं. नराचं शुक्र शेपटाच्या (शेपूट म्हणजे त्याचं लांब पोटच) टोकाकडे, नवव्या खंडात तयार होतं, पण मीलनाचं इंद्रिय मात्र पोटाच्या सुरुवातीला, दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली असतं. म्हणून नर आधी स्वतःचं शेपूट वाकवून शुक्र पुढं आणून ठेवतो. मग शेपटाच्या टोकानं मादीला पकडतो, चतुर डोक्यापाशी आणि टाचणी मानेपाशी. मादी आपलं शेपूट पुढं वळवून त्याच्या इंद्रियाशी जोडते आणि दोघांचं मिळून कडं तयार होतं. जोनाथन वागे यांनी १९७९मध्ये एका टाचणीच्या बाबतीत दाखवून दिलं की नर त्याच इंद्रियानं आधीच्या नराचं शुक्र मादीच्या शरीरातून बाहेर काढतो आणि मग स्वतःचं देतो. अंडी घालून होईपर्यंत नर मादीला का सोडत नाही, हे त्यावरून उलगडतं.

६ जुलै

पहिल्यांदा जाळी पाण्यात घातली. लांब दांड्याची बारीक जाळी पाणकणसाच्या मुळांशी हलकेच फिरवली आणि आलेला गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मिनिटभर थांबलं की गाळ चालायला लागतो.

पुतणीनं पहिला डिंभक शोधला. ऑर्थेट्रमचा असावा: केसाळ अंग, त्यावर चिखलाचा लेप, डोळे लहान. हे गाळात रुतून भक्ष्याची वाट पाहतात. दुसरा अ‍ॅनॅक्सचा, बोटाच्या दोन पेरांएवढा लांब, गुळगुळीत, हिरवट, मोठे डोळे. हा वनस्पतींमधून डोळ्यांनी शोधत शिकार करतो. टाचणीचे डिंभकही आले, सडपातळ, शेपटाला तीन पानं असलेले. ती पानं म्हणजे त्यांचे कल्ले.

"काका, याला कल्ले कुठं आहेत मग?" चतुराच्या डिंभकाकडे बोट दाखवून तिनं विचारलं. त्याचे कल्ले आत, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात असतात. पाणी मागून आत घ्यायचं, प्राणवायू शोषायचा, पाणी मागूनच बाहेर सोडायचं. धोका दिसला की तेच पाणी जोरात सोडून तो पुढं झेपावतो. ट्रेमध्ये चिमूटभर गाळ त्याच्या मागं ठेवला तेव्हा गाळ थोड्या थोड्या वेळानं उडताना दिसला. श्वास चाललेला डोळ्यांना दिसतो, हे तिला फार आवडलं, आणि मलाही.

सगळ्यात नवलाचा भाग म्हणजे खालचा ओठ. तो लांबट, मध्ये सांधा असलेला, घडी करून डोक्याखाली ठेवलेला असतो. टोकाला दोन आकडे. भक्ष्य टप्प्यात आलं की तो क्षणार्धात पुढं सुटतो, पकडतो आणि तोंडापर्यंत ओढून आणतो. बरीच वर्षं असं मानलं जायचं की फक्त शरीरातल्या द्रवाच्या दाबानं तो ओठ फेकला जातो. जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१मध्ये दाखवलं की स्नायूंनी आधी ताण साठवून ठेवायचा आणि मग कुलूप उघडल्यासारखा तो सोडायचा, अशी दुहेरी गोफणीची यंत्रणा यात काम करते.

दोन डिंभक घरच्या काचेच्या टाकीत आणले. वेगवेगळ्या टाक्यांत, कारण एकत्र ठेवले तर मोठा लहानाला खातो. प्रत्येकीत तळ्याचंच पाणी, थोडं हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी वनस्पती) आणि पाण्याबाहेर हातभर निघेल अशी खरबरीत काडी. बाकीचे सगळे जिथून घेतले तिथंच परत सोडले.

१४ जुलै

टाकीतल्या अ‍ॅनॅक्सनं आज कात टाकली, पण ही पाण्यातली, वाढीची. अंड्यापासून पूर्ण चतुर होईपर्यंत जातीनुसार साधारण ८ ते १७ वेळा कात टाकली जाते. कोषाची अवस्था मध्ये येतच नाही. फुलपाखरापेक्षा हा मार्ग वेगळा. कात टाकल्यावर तासभर तो फिकट, जवळजवळ पारदर्शक होता आणि हालला नाही. पंखांच्या पिशव्या पाठीवर आता स्पष्ट दिसतात.

खाणं: डासांच्या अळ्या. समोर टाकल्या की संपतात.

२२ जुलै

आठवडाभर मुसळधार. काठावर एकही कात नाही. पावसानं टाचण्यांच्या नाजूक काती तर हमखास धुऊन जातात. म्हणून एक नियम वाढवला: मोठ्या पावसानंतरच्या दोन दिवसांची फेरी शून्य म्हणून मोजायची नाही, ती रिकामी ठेवायची. शून्य आणि "पाहता आलं नाही" हे तक्त्यात वेगळंच दिसलं पाहिजे.

११ ऑगस्ट

खड्ड्यात काती! कडेच्या गवताच्या पात्यांवर आणि एका उभ्या दगडावर, सगळ्या नव्या, स्वच्छ. भिंगाखाली पाहिलं तर पोटाच्या आठव्या आणि नवव्या खंडाच्या कडांना मागं वळलेले लांब काटे, ओठ चमच्यासारखा खोलगट. पँटालाच.

२३ जूनला जिथं पहिली अंडी पडली तिथून आज उडालेले चतुर: ४९ दिवस. पँटालाच्या डिंभकाची वाढ ३८ ते ६५ दिवसांत होते असं वाचलं होतं, आणि आमचा खड्डा त्याच हिशेबात बसला. या घाईला कारण आहे. पावसाचं पाणी किती टिकेल याचा भरवसा नाही, मग त्यात वाढणाऱ्याला लवकर बाहेर पडावंच लागतं. त्यात पाणी नवं असल्यामुळे मासे नाहीत आणि मोठे शिकारी कीटकही अजून पोहोचलेले नाहीत. तळ्याच्या पाणकणसात मात्र पँटालाची एकही कात नाही, जरी ते दिवसभर तळ्यावर उडतायत. उडणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा त्यांचा आणि तळ्यातल्या जन्मांच्या यादीत त्यांचं नावच नाही. हे काम कशासाठी हाती घेतलं, ते आज पुतणीला वेगळं समजावावं लागलं नाही.

१३ ऑगस्टची रात्र

टाकीतला अ‍ॅनॅक्स तीन दिवसांपासून खात नव्हता. पंखांच्या पिशव्या फुगलेल्या, डोळ्यांचा रंग बदललेला, आणि तो काडीवर चढून डोकं पाण्याबाहेर काढून राहायला लागला होता. शरीराच्या पुढच्या भागातली श्वासछिद्रं आता हवेसाठी उघडलेली असतात. काल संध्याकाळीच त्याला काडीसकट तळ्यावर नेलं आणि जिथून आणला त्याच पाणकणसाच्या मुळाशी सोडला, कारण जन्माची जागा तीच असायला हवी. आज त्याच पट्टीत थांबलो. विजेरीला लाल कागद लावला होता.

पावणेनऊच्या सुमारास एक डिंभक वर चढला. तोच का दुसरा, हे सांगता येणार नाही आणि त्यानं फरकही पडत नाही. पाण्यापासून हातभर उंचीवर थांबला, मागचे पाय झटकून पाहिले, अंग डावी-उजवीकडे हलवून आजूबाजूला पुरेशी जागा आहे का ते जणू चाचपलं. मग पायांची नखं देठात रोवली आणि स्तब्ध झाला.

पाठीवर, पंखांच्या पिशव्यांच्या मध्ये, एक फट पडली. आधी पाठीचा फुगवटा बाहेर आला, मग डोकं, मग पाय. पाय बाहेर आले तसा तो मागं कलंडला आणि फक्त शेपटाच्या टोकावर डोकं खाली करून लटकत राहिला. कवचातून पांढरे बारीक धागे ताणले जाऊन बाहेर आलेले दिसत होते. ते धागे म्हणजे श्वासनलिकांची आतली अस्तरं. श्वासनलिकासुद्धा कात टाकतात, हे इतक्या जवळून पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

या लटकलेल्या अवस्थेत अर्धा तास गेला. बघणाऱ्याला वाटतं काही बिनसलं. खरं तर पाय कडक व्हायची वाट चाललेली असते, कारण पुढची सगळी मदार त्या पायांवर. मग एकाएकी तो वर उसळला, स्वतःच्याच रिकाम्या कवचाचं डोकं पायांनी पकडलं आणि शेपूट ओढून बाहेर काढलं. त्यानंतर पंख. सुरुवातीला ते पाठीवर चुरगळलेल्या ओल्या गोळ्यासारखे होते. शिरांमध्ये द्रव भरला जायला लागला तसे ते बुडापासून टोकाकडे उलगडत गेले, दुधाळ, मऊ, एकमेकांवर मिटलेले. पंख पूर्ण लांब झाल्यावर शेपूट लांब आणि बारीक व्हायला लागलं आणि टोकातून पाण्याचे थेंब गळले. जास्तीचा द्रव बाहेर टाकला जात होता.

बाजूच्या काडीवर दुसरा एक अर्धा बाहेर आलेला होता. त्याला मुंग्यांनी गाठलं. या तासा-दोन तासांत पळता येत नाही, उडता येत नाही, अंग लोण्यासारखं मऊ असतं. अ‍ॅनॅक्ससारखे मोठे चतुर रात्रीचा वेळ निवडतात तो पक्ष्यांपासून वाचण्यासाठी, पण मुंग्यांना रात्र-दिवस नाही. आम्ही मध्ये पडलो नाही. पुतणी बराच वेळ गप्प होती.

मध्यरात्रीनंतर पंख दुधाळाचे काचेसारखे स्वच्छ झाले. पहाटे, उजाडण्याआधी, त्यानं मिटलेले पंख पहिल्यांदा आडवे उघडले. मग अंग थरथरवत पंखांचे स्नायू तापवायला सुरुवात केली. साडेपाचच्या आत तो गेला, तळ्यावर न घुटमळता थेट झाडांच्या दिशेनं. नवे चतुर काही दिवस पाण्यापासून दूर राहतात, अंग कडक होईपर्यंत आणि रंग भरेपर्यंत. कात उचलली, चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या खंडाखाली नराच्या इंद्रियाची खूण दिसत होती, म्हणजे नर. कातीवरून लिंगही कळतं.

२५ ऑगस्ट

क्रोकोथेमिसच्या काती लव्हाळ्यात नियमित मिळतायत. गवताळ भागात त्यांचे पिवळे, नवे नर दिसतात आणि पाण्यावर लाल. कितीतरी जण या दोघांना दोन वेगळ्या जाती समजतात. जपानमधल्या र्‍यो फुताहाशी आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये याच जातीच्या बाबतीत दाखवलं की पिवळ्याचं लाल होणं हे अंगातल्या रंगद्रव्याच्या रासायनिक स्थितीत होणाऱ्या बदलामुळे घडतं. ते ऑक्सिडीकृत असताना पिवळं दिसतं आणि क्षपण, म्हणजे उलट क्रिया, झालं की लाल. नवं रंगद्रव्य बनवावं लागत नाही.

आज ऑर्थेट्रमची शिकारही बराच वेळ पाहिली. काडीवरून झेप, परत काडीवर, तोंडात काहीतरी. रॉबर्ट ओल्बर्ग यांच्या गटानं २००० साली काडीवर बसणाऱ्या चतुरांची झेप मोजली तेव्हा यशाचं प्रमाण ९७ टक्के निघालं. ते भक्ष्याच्या मागं धावत नाहीत, भक्ष्य पुढं जिथं पोहोचणार त्या जागेकडे झेपावतात. हे माहीत असल्यावर त्याची एकेक झेप वेगळीच दिसते.

९ सप्टेंबर

आतापर्यंतचा तक्ता मांडला. उघड्या चिखलाच्या भागात ऑर्थेट्रमच्या काही काती, चिखलातून वर आलेल्या तुरळक काड्यांवर. पाणकणीस-लव्हाळ्याच्या पट्टीत सगळं: क्रोकोथेमिस, ऑर्थेट्रम, अ‍ॅनॅक्स, इश्नुरा आणि आणखी एका टाचणीच्या काती, जिची ओळख अजून पक्की नाही. दगडी भागात खरबरीत दगडांच्या सांध्यांवर क्रोकोथेमिसच्या मोजक्या काती. अ‍ॅनॅक्स शून्य, टाचण्या शून्य.

दगडी भागात बाहेर पडायला आधार नाही म्हणून टाचण्यांच्या काती नाहीत, असं कोणी म्हणू शकेल. ते तपासायला दोन आठवड्यांपूर्वी तिथं पाण्यात तिरक्या काठ्या रोवल्या होत्या. काठ्यांवर क्रोकोथेमिसच्या काती मिळाल्या, टाचणीची एकही नाही. म्हणजे आधार मिळाला तरी टाचण्या नाहीतच. २९ जूनची नोंद इथं कामाला येते: देठात अंडं घालणारीला देठच नसेल तर पुढचं काही घडणार नाही. काठ्यांवरच्या काती शेजारच्या भागातून पोहून आलेल्या डिंभकांच्या असू शकतात, ही शंका मात्र तशीच ठेवतो. पुढच्या वर्षी काठ्या आणखी लांब, दगडी भागाच्या पलीकडच्या टोकाला रोवायच्या.

इश्नुराच्या एका नराच्या छातीखाली लालसर ठिपक्यांचा घोस होता. पाण्यातले माइट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले बारीक परजीवी. ते डिंभकाच्या अंगाला चिकटून बसतात, कात टाकली जाताना नव्या अंगावर सरकतात आणि तिथं रक्तावर वाढतात. यजमान पुन्हा पाण्यावर आला की उतरून जातात.

२० सप्टेंबर

आज पाणकणसाच्या पट्टीचा एक तुकडा साफ केलेला दिसला. काठाची निगा राखणाऱ्या माणसांनी मुळासकट उपटून काठावर ढीग लावला होता. ढिगात डिंभक होते, काही अजून हलत होते. जेवढे हाताला लागले तेवढे पाण्यात सोडले.

मग त्यांच्या मुकादमांशी बोललो. "काका, झाडी वाढली की डास वाढतात, लोक तक्रार करतात," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं मोडीत काढण्यासारखं नव्हतं. त्यांना ट्रे दाखवला. डासांच्या अळ्या टाकल्या आणि डिंभकाचा ओठ सुटताना त्यांनी स्वतः पाहिला. पुन्हा एकदा दाखवा म्हणाले. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघानं २०२१मध्ये जगातल्या चतुर-टाचण्यांच्या ६,०१६ जातींचा आढावा घेतला तेव्हा १६ टक्के जाती नाहीशा होण्याच्या वाटेवर निघाल्या, आणि दलदली व काठांचा नाश हे त्यामागचं मोठं कारण, हेही सांगितलं. पण त्यांना पटलं ते ट्रेमुळे. आता ठरलंय असं: पट्टी एका वेळी एक तृतीयांशच काढायची, आणि तीही हिवाळ्यात, वरचा भाग कापून, मुळं न उपटता.

५ ऑक्टोबर

तळ्याशेजारी उभ्या काळ्या गाडीच्या टपावर पँटालाची जोडी अंडी घालत होती. चतुर पाणी ओळखतात ते पृष्ठभागावरून परतणाऱ्या आडव्या ध्रुवीकृत प्रकाशावरून (ज्याची कंपनं एकाच दिशेत होतात), आणि चकचकीत काळा रंग तोच प्रकाश पाण्यापेक्षाही ठळक परतवतो. हंगेरीत गॅबोर होर्व्हाथ आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये काळ्या गुळगुळीत थडग्यांवर घुटमळणाऱ्या चतुरांची अशीच नोंद केली होती. गाडीवर मळकट कापड टाकायला सांगितलं. टाकल्यावर जोडी निघून गेली.

१८ ऑक्टोबर

पँटाला जवळजवळ नाहीसे झाले. खड्ड्याच्या कडेवर जुन्या काती आहेत, नव्या नाहीत. चार्ल्स अँडरसन यांनी २००९मध्ये मांडलं की हेच चतुर दरवर्षी भारतातून मालदीव ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, ऑक्टोबरात मालदीवमध्ये त्यांचे थवे उतरतात, आणि पुढं परतीचा प्रवास पुढच्या पिढ्या पुऱ्या करतात. येणं-जाणं मिळून १४,००० ते १८,००० किलोमीटर. एवढा पल्ला पावसाच्या डबक्यांच्या आधारानं पार पडतो, प्रत्येक डबक्यात दीड-दोन महिन्यांची एक पिढी. आमच्या खड्ड्यातून उडालेले त्या वाटेला लागले का, हे कातीवरून कळायचा मार्ग नाही. पण खड्डा बुजवायचा बेत आहे असं कानावर आलं, म्हणून त्याबद्दलही बोलायचं असं लिहून ठेवलं.

१५ नोव्हेंबर

खड्डा कोरडा. तळ्यातली शेवटची कात ऑर्थेट्रमची, ९ तारखेची. उशिरा सापडलेल्या टाचणीच्या काती भिंगाखाली पुन्हा तपासल्या, कल्ल्यांच्या पानांवरच्या शिरांवरून जात ठरेल अशी आशा आहे. तोवर तक्त्यात ती "टाचणी, अनोळखी" अशीच राहील.

पुढच्या हंगामासाठी ठरलेलं: दगडी भागात बांधणी न हलवता लव्हाळ्याच्या तीन कुंड्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, एक तळाशी, दोन कडेला. मुकादमांनी कुंड्या स्वतः आणून देतो म्हटलंय. पुतणीचं म्हणणं चौथी कुंडी हवी, तिच्यात नुसत्या वाळक्या काड्या, म्हणजे टाचणीला जिवंत देठ लागतो की नुसता आधार, हे वेगळं काढता येईल. तिचं बरोबर आहे. चार कुंड्या.